देशाच्या धुराचा हिशेब



तिगावच्या स्टेशनावरून चिचोंड्याच्या घाटाकडे जाणारी मालगाडी आपण सर्वांनीच पाहिली आहे. आपल्या आजोबांच्या पिढीने याच रुळांवर कोळशाचे इंजिन पाहिले. घाट चढताना ते काळा धूर ओकत जायचे आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर कोळशाची कणी पडायची, असे घरचे जुने लोक आजही सांगतात. पुढे डिझेलचे इंजिन आले, मग विजेचे आले. आता गाडी घाट चढते आणि धूर दिसत नाही.

यावरून वर्गात एका मुलाने विचारले, “म्हणजे आता रेल्वेचा धूर संपला का?”

प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला आम्हाला दोन तास लागले. कारण धूर संपलेला नाही, त्याची जागा बदलली आहे. गाडीला लागणारी वीज कुठल्यातरी केंद्रात तयार होते. आपल्या भागाच्या आसपासच सारणी, कोराडी, खापरखेडा अशी मोठी औष्णिक केंद्रे आहेत आणि तेथे कोळसा जळतो. देशाच्या हिशेबात पूर्वी जो धूर ‘वाहतूक’ या खात्यात लिहिला जात होता, तो आता ‘वीजनिर्मिती’ या खात्यात गेला आहे. मग पुढचा प्रश्न आला, “हा हिशेब ठेवतो तरी कोण?” त्या प्रश्नातून हा लेख तयार झाला.

आपल्या देशाने जगाला वचन दिले आहे की आम्ही हवेत सोडत असलेल्या तापवायूंना आवर घालू. वचन पाळले जात आहे की नाही, हे पाहायचे तर मोजणी हवी. ही मोजणी कशी होते, कोण करते, तिच्यात कुठे उणीव आहे आणि आपल्या गावाचा तिच्याशी काय संबंध, हे आम्ही येथे सोप्या शब्दांत सांगणार आहोत.

मोजायचे काय?

लेखात आम्ही ‘धूर’ हा शब्द सोयीसाठी वापरला आहे. खरे म्हणजे जे मोजायचे ते डोळ्यांना दिसतच नाही. मुख्य वायू तीन आहेत. पहिला कार्बन डायऑक्साइड. कोळसा, डिझेल, पेट्रोल, गॅस जाळले की तो तयार होतो. दुसरा मिथेन. गाई-म्हशी रवंथ करतात तेव्हा त्यांच्या पोटात तो तयार होतो. पाणी साचलेल्या धानाच्या बांध्यांतून, कचऱ्याच्या ढिगातून आणि कोळशाच्या खाणीतूनही तो निघतो. तिसरा नायट्रस ऑक्साइड. वावरात युरिया टाकला की त्याचा काही भाग या वायूच्या रूपाने हवेत जातो.

हे वायू सूर्याची ऊष्णता पृथ्वीजवळ अडवून धरतात. थोड्या प्रमाणात हे आवश्यकच आहे, नाहीतर पृथ्वी गोठून जाईल. पण गोधडीवर गोधडी चढत गेली तर आतला माणूस घामाघूम होतो, तसे आता होत आहे.

तिन्ही वायूंची ताकद सारखी नाही. म्हणून त्यांना एकाच मापात आणतात. शंभर वर्षांचा विचार केला तर एक किलो मिथेन हा सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका आणि एक किलो नायट्रस ऑक्साइड हा सुमारे २६५ किलोइतका ताप देतो, असे सध्याचे माप आहे. सगळ्यांची बेरीज ‘कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेने इतके टन’ अशी लिहितात. बाजारात संत्रा, कापूस आणि तूर वेगवेगळ्या भावाने विकून शेवटी रुपयांत बेरीज करतो, त्यातलाच हा प्रकार.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पूर्वी मिथेनचे माप २१ धरत असत. म्हैस तीच, चारा तोच, पण माप बदलल्याने आकडा बदलतो. म्हणून दोन अहवालांतील आकडे शेजारी ठेवण्याआधी माप कोणते वापरले, हे पाहावे लागते.

मोजायचे कसे?

देशातल्या प्रत्येक चुलीवर आणि प्रत्येक सायलेन्सरवर यंत्र बसवता येत नाही. म्हणून सगळे देश एकच रीत वापरतात. काम किती झाले ते पाहायचे आणि एका कामामागे वायू किती निघतो, त्याने गुणायचे. या दुसऱ्या आकड्याला ‘उत्सर्जन गुणांक’ म्हणतात.

हा गुणांक येतो कुठून? दहावीच्या रसायनशास्त्रातून! कार्बनचा अणुभार १२. जळताना त्याला ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात, त्यांचा भार ३२. एकूण झाला ४४. म्हणजे १२ किलो कार्बन जळला तर ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एका किलोचे झाले जवळजवळ ३.६७ किलो. एक लिटर डिझेलचे वजन एक किलोपेक्षा कमी असते, तरी ते जळल्यावर सुमारे २.७ किलो वायू निघतो. मुलांना हे पटत नाही. पण वाढलेले वजन हवेतल्या ऑक्सिजनचे आहे, हे कळले की कोडे सुटते.

एका कास्तकार घराचा हिशेब आम्ही फळ्यावर मांडला. समजा, घरात पाच माणसे आहेत. वर्षाला ८ सिलिंडर लागतात. महिन्याला १०० युनिट वीज आणि मोटारसायकलला महिन्याला १० लिटर पेट्रोल लागते. वर्षाला १०० लिटर डिझेल शेतीच्या कामाला जाते. दावणीला एक म्हैस आणि एक देशी गाय आहे.

सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि एका किलोमागे सुमारे ३ किलो वायू निघतो. म्हणून एका सिलिंडरचे सुमारे ४३ किलो, आठांचे ३४४ किलो. विजेच्या एका युनिटमागे आपल्या देशात सरासरी सुमारे ०.७ किलो धरतात. १,२०० युनिटांचे झाले ८४० किलो. पेट्रोलच्या एका लिटरचे २.३ किलो, १२० लिटरांचे २७६ किलो. डिझेलचे २७० किलो. आतापर्यंतची बेरीज १,७३० किलो.

आता गोठा. आपल्या देशाच्या मोजणीत दुभत्या म्हशीमागे वर्षाला सुमारे ५० किलो आणि देशी दुभत्या गाईमागे सुमारे २८ किलो मिथेन धरले जाते. २८ ने गुणले तर म्हशीचे १,४०० आणि गाईचे ७८४ किलो. गोठ्याची बेरीज २,१८४ किलो.

गोठा घराच्या पुढे गेला, हे पाहून वर्गात हशा पिकला. पण म्हशीला दोष देण्याचे कारण नाही. मिथेन हवेत साधारण बारा वर्षे टिकतो, तर कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शेकडो वर्षे राहतो. शिवाय हेच जनावर दूध देते, शेण देते. सांगायचे इतकेच की मोजल्याशिवाय अंदाज चुकतो.

सगळे मिळून झाले ३,९१४ किलो. पाच माणसांत वाटले तर माणशी आठशे किलोपेक्षा थोडे कमी. देशाची माणशी सरासरी मात्र दोन टनांच्या वर आहे. उरलेला वाटा कुठला? आपण घर बांधताना वापरलेले सिमेंट, सळई, शेतात टाकलेले खत, गाडी, कापड, हे सगळे तयार करताना निघालेला तो वायू आहे. तो आपल्या घरी दिसत नाही, पण देशाच्या वहीत लिहिलेला असतो.

या वहीचे काही नियम आहेत. पऱ्हाटी किंवा तुराटी जाळली तर निघालेला कार्बन डायऑक्साइड धरत नाहीत, कारण पुढच्या हंगामाचे पीक तो परत शोषून घेते. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र धरतात. याचा अर्थ पऱ्हाटी जाळणे चांगले असा नाही. धुराने छाती भरते आणि जमिनीत जाणारे सेंद्रिय द्रव्य जाते, ते वेगळेच.

मोजणी आपणच का करावी?

याचे उत्तर एका खऱ्या घटनेत आहे. १९९० साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने एक अंदाज मांडला. भारतातील धानाच्या शेतीतून दरवर्षी सुमारे ३ कोटी ७८ लाख टन मिथेन निघतो, असे त्यात म्हटले होते. जगातील तापमानवाढीला भारतातले गरीब धान-उत्पादक मोठ्या प्रमाणात जबाबदार आहेत, असा त्याचा अर्थ निघत होता. पण तो आकडा परदेशातील शेतांवर घेतलेल्या मापांवरून काढलेला होता.

आपल्या शास्त्रज्ञांनी वाद घालत बसण्यापेक्षा मोजायचे ठरवले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली देशभरातील वेगवेगळ्या धानशेतांत प्रत्यक्ष मोजणी झाली. आकडा निघाला सुमारे ४० लाख टन, म्हणजे आधीच्या अंदाजाच्या जवळपास नवव्या हिश्शाइतका! कारणही समजले. आपल्याकडील पुष्कळ धानशेती पावसावर अवलंबून आहे. बांध्यांत पाणी सतत तुंबून राहत नाही आणि जमिनीत सेंद्रिय द्रव्यही कमी आहे. म्हणून मिथेन कमी तयार होतो.

त्याच १९९१ साली अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी आणखी एक मुद्दा जगापुढे ठेवला. पोट भरण्यासाठी लावलेल्या धानातून निघणारा वायू आणि चैनीच्या मोटारीतून निघणारा वायू एकाच तागडीत तोलणे न्यायाचे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद आजही संपलेला नाही. पण ज्याच्याजवळ स्वतःची वही आहे, त्यालाच वाद घालता येतो. सावकाराच्या वहीवर विसंबून राहिलेल्या कास्तकाराचे काय होते, हे आपल्या भागाला सांगायला नको.

वही कोण लिहितो?

१९९२ साली ब्राझीलमधील रिओ शहरात हवामान बदलाविषयीचा करार जगापुढे आला. भारताने १९९३ साली त्याला मान्यता दिली. करारात सामील झालेल्या देशांनी आपल्या वायूंची मोजणी करून अहवाल द्यायचा, असे त्यात ठरले आहे. भारताचा पहिला अहवाल जून २००४ मध्ये गेला.

हे काम केंद्रीय पर्यावरण मंत्रालय पाहते, पण मोजणी अनेक संस्था वाटून घेतात. कचरा आणि सांडपाणी यांचा हिशेब आपल्या शेजारच्या नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच ‘नीरी’ करते. ही संस्था १९५८ साली सुरू झाली. सहलीला नागपूरला जाताना दीक्षाभूमी आणि महाराजबाग सगळे पाहतात. देशाच्या या वहीचे एक पान नागपुरात लिहिले जाते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. कोळशाचा आणि खाणीतून निघणाऱ्या मिथेनचा अभ्यास धनबादची खाण व इंधन संशोधन संस्था करते. जंगलाचे माप डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था घेते. जनावरांची संख्या पशुगणनेतून मिळते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत गाई-बैल आणि म्हशी मिळून ३० कोटींच्या वर जनावरे मोजली गेली.

आपल्या दारात कागद घेऊन येणारे प्रगणक “गुरे किती?” विचारतात, तेव्हा काही जण खरे सांगायला कचरतात. त्या एका आकड्यापासूनच ही वही सुरू होते.

वही काय सांगते?

१९९४ साली भारताचे एकूण उत्सर्जन सुमारे १२३ कोटी टन होते. २००० साली ते सुमारे १५२ कोटी टन झाले, २०१६ साली सुमारे २८४ कोटी टन आणि २०१९ साली सुमारे ३१३ कोटी टन. मोजण्याच्या रीतीत मधल्या काळात सुधारणा झाल्या, तरी चित्र स्पष्ट आहे. पंचवीस वर्षांत आकडा अडीच पटींच्या वर गेला. याच वर्षांत देशातील कोट्यवधी घरांत पहिल्यांदा वीज आली, रस्ते झाले, कारखाने आले, हेही लक्षात घ्यावे. आणि माणशी सरासरी पाहिली तर जगाची सहा टनांच्या वर आहे. आपण अजून तिच्या निम्म्यापेक्षाही खाली आहोत.

२०२० साली आकडा खाली आला, सुमारे २९६ कोटी टन. आदल्या वर्षापेक्षा सुमारे साडेपाच टक्के कमी. पण त्या वर्षी काय झाले होते? टाळेबंदी होती. गाड्या थांबल्या, कारखाने बंद होते. आजारी माणूस जेवला नाही म्हणून घरातले धान्य वाचले, त्याला काटकसर म्हणत नाहीत. ही घटही तशीच समजावी.

२०२० च्या या आकड्यात सुमारे तीन-चतुर्थांश वाटा ऊर्जेचा आहे आणि एकट्या वीजनिर्मितीचा ३९ टक्के. शेती व पशुपालनाचा वाटा सुमारे १४ टक्के, कारखान्यांतील प्रक्रियांचा ८ टक्के आणि कचऱ्याचा अडीच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे देशाची खरी परीक्षा कोळशाच्या विजेपाशी आहे.

वचन नेमके काय आहे?

२०१५ साली पॅरिसमध्ये नवा करार झाला. भारताने २ ऑक्टोबर २०१६ रोजी, गांधी जयंतीच्या दिवशी, त्याला मान्यता दिली. ऑगस्ट २०२२ मध्ये सुधारून दिलेली आपली मुख्य वचने अशी आहेत. २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जनाची तीव्रता ४५ टक्क्यांनी कमी करायची. वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेत निम्मी क्षमता कोळसा, तेल, वायू सोडून इतर साधनांची करायची. २०१५ चे एक वचनही कायम आहे. झाडे आणि जंगल वाढवून २०३० पर्यंत २५० ते ३०० कोटी टन जास्तीचा कार्बन डायऑक्साइड शोषायचा. शिवाय २०७० पर्यंत जितके सोडू तितके शोषू, म्हणजे शिल्लक शून्य, असेही २०२१ साली ग्लासगो येथे सांगितले आहे.

यातील ‘तीव्रता’ हा शब्द नीट समजून घ्यावा, कारण पुष्कळांचा घोटाळा येथेच होतो. समजा, एका बागायतदाराने गेल्या वर्षी १०० लिटर डिझेल जाळले आणि ५० क्विंटल संत्रा काढला. एका क्विंटलला दोन लिटर पडले. यंदा त्याने १२० लिटर जाळले, पण ८० क्विंटल संत्रा निघाला. एका क्विंटलला दीड लिटर पडले. तीव्रता २५ टक्क्यांनी कमी झाली. बागायतदार सुधारला, हे खरे. पण डिझेल २० लिटर जास्त जळले, हेही तितकेच खरे!

देशाचे तसेच आहे. एक रुपयाचे उत्पन्न मिळवताना जितका वायू निघतो, तो २००५ ते २०२० या काळात ३६ टक्क्यांनी कमी झाला. वचनाच्या दृष्टीने आपण बरोबर चाललो आहोत. पण एकूण आकडा वाढतच गेला. हवा मात्र टक्केवारी पाहत नाही, ती एकूण बेरीज पाहते. विकसनशील देशाने आधी तीव्रता उतरवायची आणि मग एकूण बेरीज, हा क्रम समजण्यासारखा आहे. मात्र पहिली पायरी चढलो म्हणून जिना संपला असे समजू नये.

विजेच्या वचनातही असाच बारकावा आहे. जून २०२५ मध्ये देशाच्या एकूण क्षमतेत निम्मा वाटा सूर्य, वारा, पाणी, अणुऊर्जा अशा साधनांचा झाला. मुदतीच्या पाच वर्षे आधी वचन पूर्ण झाले, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. आपल्या मध्य प्रदेशात रीवा येथील ७५० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाने त्यात भर घातली आहे. पण क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप आहे, म्हणून पाणी रात्रंदिवस निघत नाही. सौर पट्ट्या दिवसाच चालतात. कोळशाचे केंद्र रात्रीही चालते. म्हणून क्षमता निम्मी झाली, तरी प्रत्यक्ष तयार होणारी सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशाचीच आहे. साठवणीची सोय वाढेल तसा हा फरक कमी होईल.

जमेची बाजू: झाडे

वहीत खर्चासोबत जमाही असते. झाडे कार्बन डायऑक्साइड शोषतात. २०२० साली जंगल आणि जमिनीच्या वापरामुळे सुमारे ५२ कोटी टन वायू शोषला गेला. तो वजा केला तर २९६ कोटींचे २४४ कोटी टन उरतात. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या वन अहवालाप्रमाणे देशाचे २५.१७ टक्के क्षेत्र जंगल व झाडांखाली आहे आणि सर्वांत जास्त जंगल आपल्या मध्य प्रदेशात आहे. २००५ च्या तुलनेत २२९ कोटी टन जास्तीची साठवण झाल्याचेही त्यात नोंदले आहे.

येथे आपल्या कास्तकारांना रस वाटेल अशी एक गोष्ट आहे. उपग्रहावरून मोजताना एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर दहा टक्क्यांपेक्षा जास्त सावली झाडांची असेल, तर ती जागा वनाच्छादनात धरतात. जागा कोणाची, झाडे कोणती, हे त्यात पाहत नाहीत. म्हणजे पांढुर्णा-सौंसरच्या संत्राबागाही या मोजणीत येऊ शकतात!

यात आनंद मानावा की काळजी करावी? दोन्ही. आपल्या बागेची दखल घेतली जाते, हे चांगले. पण संत्र्याची बाग आणि सातपुड्यातील सागवान-मोहाचे जंगल एकच नव्हे. बाग म्हातारी झाली, डिंक्या लागला, विहिरीचे पाणी आटले की कास्तकार झाडे तोडतो आणि सरपणाला विकतो. साठवलेला कार्बन पुन्हा हवेत जातो. बँकेत ठेवलेली मुदत ठेव आणि खिशातले पैसे यांत फरक आहे. म्हणून झाडांची बेरीज पाहताना ती कोणती झाडे आणि किती काळ टिकणारी, असा प्रश्न अभ्यासकही विचारतात. तो योग्यच आहे.

वहीची तपासणी

आपली वही आपण लिहितो, तर तपासतो कोण? प्रत्येक देशाचा अहवाल संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेत इतर देशांचे तज्ज्ञ वाचतात आणि प्रश्न विचारतात. पॅरिस करारानुसार दर दोन वर्षांनी पारदर्शकता अहवाल द्यायचा आणि दर पाच वर्षांनी साऱ्या जगाचा एकत्र आढावा घ्यायचा, असे ठरले आहे. पहिला जागतिक आढावा २०२३ साली दुबईत पूर्ण झाला. जग ठरलेल्या वाटेवर नाही, असाच त्याचा निष्कर्ष होता.

दुसरी तपासणी खुद्द हवा करते. हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वतावर १९५८ पासून हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजला जात आहे. तेव्हा दहा लाख भागांत ३१५ भाग होता, आता तो ४२० च्या वर गेला आहे. आपल्याकडेही गोव्यात काबो-द-रामा येथे १९९३ पासून अनेक वर्षे हवेचे नमुने घेतले गेले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून सिंहगडावर असे नमुने घेतले. तानाजी मालुसऱ्यांच्या गडावर हवेचीही पहारेदारी झाली, हे वाचून मुलांना कौतुक वाटेल.

उणिवाही सांगायला हव्यात. २०२० चा आकडा देशासमोर आला तो डिसेंबर २०२४ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी. १९९४ चा आकडा यायला तर दहा वर्षे लागली होती. त्या मानाने सुधारणा झाली. पण चार वर्षांपूर्वीच्या ताप मोजणीवर आजचे औषध कसे द्यायचे? तसेच कोळशाचा हिशेब बराच अचूक असतो, कारण तो वाघिणीने तोलला जातो. जनावरे, जमीन आणि कचरा यांच्या आकड्यांत मात्र अंदाजाचा भाग जास्त राहतो.

तिगावला याचे काय?

काही पालक म्हणतील, हे दिल्लीचे काम, आपल्याला काय करायचे? आम्हाला तसे वाटत नाही. आपला संत्रा आंबिया आणि मृग या दोन बहारांवर उभा आहे आणि दोन्ही बहार वेळेवरच्या थंडी-ऊन-पावसावर. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात झालेली गारपीट अनेकांना आठवत असेल. एखाद्या गारपिटीचे खापर थेट तापमानवाढीवर फोडता येत नाही. पण हवा जितकी तापेल तितका ऋतूंचा भरवसा कमी होईल, हे शास्त्रज्ञ ठामपणे सांगतात.

दुसरी बाजूही आपलीच आहे. छिंदवाडा जिल्ह्यात परासिया, पेंच, कन्हानचा कोळसापट्टा आहे. २०२३ पर्यंत आपणही त्याच जिल्ह्यात होतो. तेथे खाणीत काम करणारे आपलेच नातेवाईक आहेत. देशाने कोळसा कमी करायचा ठरवला तर त्यांच्या मुलांचे काय, हा प्रश्न वहीतल्या कोणत्याच रकान्यात येत नाही. बागायतदाराला कोळसा कमी व्हायला हवा आणि त्याच्याच सोयऱ्याची चूल कोळशावर पेटते, असा हा पेच आहे. त्याचे तयार उत्तर आमच्याकडे नाही. पण आकडे खरे असतील तर बदल किती वेगाने आणि कधी येणार, हे आधी कळेल. तयारीला वेळ मिळेल. आकडे खोटे किंवा उशिरा असतील तर तो वेळही जाईल.

घरी करावयाचा उपक्रम

सातवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी एक छोटी वही करावी. दर महिन्याच्या एक तारखेला विजेच्या मीटरचा आकडा लिहावा. सिलिंडर लावल्याची तारीख, पेट्रोल-डिझेलचे लिटर आणि गोठ्यातील जनावरे यांची नोंद ठेवावी. वर दिलेल्या गुणांकांनी गुणून वर्षाची बेरीज काढावी. बागेतली किती झाडे जगली आणि किती गेली, हे शेवटच्या पानावर लिहावे. आकडा मोठा आला म्हणून लपवू नये आणि छोटा दाखवण्यासाठी खोटे लिहू नये. आई-बाबांना दोष देण्यासाठी ही वही नाही. पुढच्या वर्षी तिची तुलना आपल्याच घराच्या वहीशी करायची आहे, शेजाऱ्याच्या नव्हे.

ज्या मुलाने रेल्वेच्या धुराचा प्रश्न विचारला, त्याला आम्ही शेवटी एवढेच सांगितले. घाटात गाडी दिसली की धूर कुठे गेला, असा प्रश्न स्वतःला विचारत राहावा. देशाची वहीदेखील याच प्रश्नाने सुरू होते. असे प्रश्न विचारणारी मुले गावोगावी तयार झाली, तर ती वही खरी ठेवण्याला मोठी मदत होईल.